जुना सँडर घ्या, जुना पॅड नको

लाकूड घासायचं गोल मशीन जुनं घ्यायला माझा अजिबात विरोध नाही. नव्या चांगल्या मशीनच्या निम्म्या पैशांत नावाजलेल्या कंपनीचं वापरलेलं मशीन मिळत असेल, तर त्याच पैशांत मिळणाऱ्या नव्या बेनामी मशीनपेक्षा ते केव्हाही बरं. माझा विरोध आहे तो ते निवडण्याच्या पद्धतीला. पुण्याचा जुना बाजार असो, मुंबईचा चोर बाजार असो, की तालुक्याच्या गावचं रिवाइंडिंगचं दुकान. गिऱ्हाईक मशीन हातात घेतं, विक्रेता वायर जोडून बटण दाबतो, मोटर घूं करते आणि "आवाज ऐका साहेब, एकदम नवा" एवढ्यावर सौदा होतो. मशीन उलटं करून त्याचा तळ कुणी बघत नाही. लाकडाला मात्र मोटर लागत नाही, तळ लागतो.

मी आयटीआयमध्ये सुतारकामाचा निदेशक होतो. आता साताऱ्यात घरामागच्या शेडमध्ये जुन्या खुर्च्या-कपाटांची डागडुजी करतो. माझे जुने विद्यार्थी आपापली मशीनं घेऊन तिथं येतात. "सर, मोटर झकास आहे, पण पॉलिश मारलं की लाकडावर वेटोळी दिसतायत," ही त्यांची नेहमीची तक्रार. कुणी आर्मेचर बदलून आलेला असतो, कुणी महागडा पेपर आणून पाहिलेला असतो. मशीन उलटं केलं की बहुतेक वेळा उत्तर समोरच असतं. पॅडच्या कडेचा वेल्क्रो वितळलेला, तळाची रबरी रिंग झिजून गेलेली, नाहीतर पाच इंची मशीनला सहा इंची पॅड ठोकून बसवलेला. काहीशे रुपयांच्या सुट्या भागापायी हजारो रुपयांचं मशीन आणि त्याहून महाग सागवान वाया चाललेलं असतं.

या मशीनची रचना एकदा समजून घेतली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. रँडम ऑर्बिटल सँडरमध्ये पॅड मोटरच्या दांड्यावर थेट मध्यभागी बसवलेला नसतो. तो केंद्रापासून किंचित बाजूला, वेगळ्या बेअरिंगवर मोकळा बसवलेला असतो. मोटर फिरली की पॅड दोन-अडीच मिलिमीटरच्या लहानशा वर्तुळात थरथरतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती सावकाश फिरतो. या दोन्ही गती एकमेकींत मिसळल्यामुळे पेपरचा कण पुन्हापुन्हा त्याच वाटेनं जात नाही, आणि लाकडावर ठळक ओरखडा उमटत नाही. लहान मशीनचा कमाल वेग बहुधा मिनिटाला १२,००० फेरे असतो, म्हणजे सेकंदाला २००. एवढ्या वेगानं हलणाऱ्या पॅडचा तोल सांभाळण्यासाठी आत एक प्रतिवजन असतं आणि ते त्या पॅडच्या वजनाशी जुळवलेलं असतं. हे वजन बाहेरून दिसत नाही. पॅडच्या मापाबद्दलचे सगळे घोळ होतात ते यामुळेच.

बाजारात मुख्यतः तीन मापं चालतात. ७५, १२५ आणि १५० मिलिमीटर. कारागिरांच्या बोलीत तीन, पाच आणि सहा इंची. पाच आणि सहा यांत फरक केवढा, तर इंचाचा, असं वाटतं. पण घासलं जातं ते क्षेत्रफळानं. १२५ मिलिमीटरच्या पॅडचं क्षेत्रफळ सुमारे १२३ चौरस सेंटिमीटर भरतं, १५०चं सुमारे १७७. म्हणजे जवळपास ४४ टक्के जास्त. जेवणाच्या टेबलाचा माथा, दाराचा सपाट फळा, आठ बाय चारची प्लाय, असं सलग काम रोज असेल, तर सहा इंची मशीन वेळ वाचवतं आणि पृष्ठभागही जास्त एकसारखा ठेवतं.

पण आपल्याकडच्या सुताराचं सगळं काम सलग कुठं असतं? दाराच्या चौकटीच्या पट्ट्या, खिडकीची तावदानं, खुर्चीची पाठ, देव्हाऱ्याच्या कडा. पॅड पट्टीपेक्षा बराच रुंद असला की त्याचा अर्धा भाग हवेत लोंबतो, मशीन बाहेरच्या बाजूला झुकतं आणि रंध्यानं काढलेली सरळ धार गोल होऊन जाते. त्यात सहा इंची मशीन जड. आडव्या फळीवर ते स्वतःच्या वजनानं काम करतं, पण बसवलेल्या दारावर उभं धरलं की सगळा भार खांद्यावर येतो. म्हणून ज्याला एकच मशीन परवडतं, त्याला मी डोळे झाकून १२५ मिलिमीटरचं घ्यायला सांगतो. ते एका हातात मावतं, अरुंद पट्टीवर सांभाळता येतं, आणि मुख्य म्हणजे त्याचा पेपर कुठंही मिळतो. सहा इंची पेपर पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला सहज मिळेल. दहिवडी-वडूजच्या हार्डवेअरवाल्याकडे मागून पाहा. शनिवारी संध्याकाळी पेपर संपला तर रविवारचा दिवस बुडाला. मशीनचं माप ठरवताना आपल्या गावचा हार्डवेअरवाला काय ठेवतो हे आधी विचारावं, ही माझी पहिली अट.

७५ मिलिमीटरचं मशीन हे दुसरं मशीन म्हणून घ्यावं. खुर्चीचे हात, वळणदार पाय, जुन्या पलंगाचं डोकं यांना ते चांगलं. आणि आतल्या कोपऱ्यात कुठलाच गोल पॅड पोहोचत नाही. तिथं त्रिकोणी मशीन तरी पाहिजे नाहीतर लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून हातानं घासायला पाहिजे. कोपऱ्यात मशीन तिरपं घालून पॅडच्या कडेनं उकरणाऱ्या पोरांना मी वर्गातही ओरडायचो. तिरप्या पॅडनं लाकडात खळगा पडतो आणि कडेचा वेल्क्रो जळतो. एका फटक्यात दोन नुकसानं.

मापाच्या जोडीनं, पॅड ज्या वर्तुळात थरथरतो त्याचा व्यास पाहायचा. तो मशीनच्या पट्टीवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेला असतो. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर मशीन फिनिशिंगचं. पाच मिलिमीटर असेल तर जास्त खाणारं. जुना रंग, खडबडीत फळ्या, शेतातल्या बाभळीचं लाकूड असलं तर पाच उपयोगाचं. पॉलिशच्या कामाला अडीच. आणि वेग कमी-जास्त करायची चकती असलेलं मशीन मिळालं तर थोडे जास्त पैसे मोजावेत. जुनं चपड्याचं पॉलिश, मेलामाईन किंवा पीयू पूर्ण वेगात घासलं की उष्णतेनं मऊ होतं आणि पेपरवर गोळे होऊन चिकटतं. वेग उतरवला की तोच पेपर कितीतरी जास्त चालतो.

आता जुगाडाबद्दल. "पाच इंचीला सहाचा पॅड बसतो सर, भोकं जुळतात," असं अभिमानानं सांगणारे मला बरेच भेटलेत. बसतो, पण आतलं वजन पाच इंची पॅडच्या हिशेबानं आहे. जड पॅडनं मशीन हातात थडथडायला लागतं, बेअरिंगवर नको तिथं ताण येतो, आणि काही दिवसांनी पॅडला वर-खाली ढिलाई येते. ज्या मशीनला कंपनीच दोन्ही मापांचे पॅड देते, त्याची गोष्ट निराळी. तिथं तोल त्या हिशेबानं साधलेला असतो. बाकी ठिकाणी मापाशी खेळू नये. पॅड कमी माणसांना दिसतो, पण हाताला बसणारा कंप दिवसभर तोच ठरवतो. वर्षानुवर्षं कंप सोसणाऱ्या हातांची बोटं बधिर होतात, थंडीत पांढरी पडतात. हा मान्यताप्राप्त व्यावसायिक आजार आहे, कामचुकारांची सबब नाही.

भोकांकडेही लक्ष द्यावं. १२५च्या पॅडला पाच किंवा आठ भोकं असतात, १५०ला सहा किंवा त्याहून जास्त. पेपरची भोकं पॅडच्या भोकांवर बरोबर बसली तरच भुसा आत ओढला जातो. नाही बसली तर भुसा पेपर आणि लाकडाच्या मध्ये अडकतो, पेपर चोंदतो, पॅड तापतो. आठ भोकांच्या पॅडवर बिनभोकांचा स्वस्त पेपर लावणारा माणूस पेपरमध्ये पैसे वाचवतो आणि पॅडमध्ये घालवतो. जाळीचा पेपर हा यावरचा चांगला उपाय आहे. तो कुठल्याही भोकांवर चालतो. मात्र जाळीखाली पातळ संरक्षक चकती लावावी, म्हणजे पॅडचे आकडे झिजत नाहीत. पॅडचा कडकपणा तर बहुतेकांनी विचारातच घेतलेला नसतो. सपाट फळीला कडक पॅड, रोजच्या मिश्र कामाला मध्यम, वळणदार लाकडाला मऊ. मऊ पॅडनं सपाट टेबल घासलं तर लाकडातला मऊ भाग जास्त खाल्ला जातो, कडक रेषा वर राहतात, आणि पॉलिशनंतर उजेडात त्या लाटा दिसतात.

आता जुनं मशीन विकत घेण्याबद्दल. जुनी फटफटी घेताना इंजिनाचा आवाज ऐकणारा माणूस टायरही दाबून बघतो; सँडरच्या बाबतीत तेवढी तरी अक्कल दाखवायला हवी. मी मशीन बघतो ते पुढील क्रमानं. आधी मॉडेलची पट्टी. ती खरवडलेली किंवा गायब असेल तर मशीन तिथंच ठेवायचं. एक तर तो चोरीचा माल असू शकतो, आणि दुसरं, मॉडेल नंबर माहीत नसेल तर त्याचा पॅड, रिंग आणि कार्बन शोधणार कसे? मग वायर. मशीनमध्ये शिरते तिथं ती वाकून तडकलेली आहे का, मध्ये कुठं चिकटपट्टी आहे का, हे पाहायचं. पट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर मशीनला दुहेरी इन्सुलेशन आहे, दोन पिनांची वायर चालते. धातूच्या अंगाचं जुनं मशीन असेल आणि हे चिन्ह नसेल, तर अर्थिंगची तिसरी तार असायलाच हवी.

मग हवेच्या फटींतून आत डोकवायचं, बॅटरी मारून. आतली धूळ तपकिरी असेल तर मशीन सुताराकडचं. पांढरी पीठासारखी असेल तर ते रंगाऱ्याकडं भिंतीची लांबी आणि पुट्टी घासून आलेलं. हे दुसरं मशीन मी फुकट मिळालं तरी विचार करून घेतो. पुट्टीची पूड इतकी बारीक असते की ती बेअरिंगच्या सीलमधून आत शिरते, कार्बनच्या खोबणीत साचते, बटणात जाऊन बसते. बाहेरून पुसून चकचकीत केलेलं असलं तरी ते मशीन आतून संपत आलेलं असतं.

मग वायर काढलेल्या मशीनचा पॅड हातानं फिरवायचा. तो मऊ फिरला पाहिजे. आत वाळू असल्याची करकर आली तर बेअरिंग गेलं. पॅड दोन्ही बाजूंनी धरून वर-खाली हलवायचा. खडखड हलला तरी बेअरिंगच. बेअरिंग गेलं म्हणजे मशीन गेलं असं नाही. त्याच्यावर नंबर छापलेला असतो, बहुधा सगळीकडे मिळणारं प्रमाणित माप असतं, आणि ते बदलण्याची किंमत सौद्यातून कापून घेता येते. बदलताना रबरी सीलचं घ्यावं, ते धुळीत जास्त टिकतं. आणि पुलरनं काढावं, पुलर नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जावं. हातोडीनं ठोकून बसवलेलं नवं बेअरिंग बसतानाच अर्धं मेलेलं असतं.

शेवटी मशीन हवेत धरून चालू करायचं. ही परीक्षा विक्रेत्याला आवडत नाही, कारण इथं तळाच्या रबरी रिंगचं बिंग फुटतं. बहुतेक मशीनांत पॅडच्या पाठीला टेकून असलेली ही रिंग ब्रेकचं काम करते. ती ठीक असेल तर पॅड हवेत थरथरतो, पण सावकाश फिरतो. ती झिजलेली असेल तर पॅड मोटरच्या वेगाशी स्पर्धा करत गरगरायला लागतो, आणि तो तसाच लाकडावर टेकवला की पहिल्या क्षणी गोल खड्डे पडतात. माझ्या विद्यार्थ्यांच्या वेटोळ्यांचं मूळ फार वेळा या रिंगमध्ये असतं. चालू मशीनच्या फटीतून कार्बनजवळ बारीक निळसर ठिणग्या दिसल्या तर चालतात. पिवळा गोल जाळ दिसला तर कम्युटेटर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. या सगळ्यातून मशीन पास झालं, तरीही त्याच्या किमतीत मी एक नवा पॅड, एक ब्रेक रिंग आणि कार्बनची एक जोडी मिळवतो. ती बेरीज परवडली तरच मशीन स्वस्त. आणि त्यातला पॅड बाजारात मिळतच नसेल, तर मोटर कितीही गोड गात असली तरी ते मशीन माझ्या दृष्टीनं भंगार.

घरी आणल्यावर काय करायचं, हे खरं तर फार थोडं आहे. काम संपल्यावर मशीनची वायर काढून फटी ब्रशनं झाडायच्या, हवा मारायची सोय असेल तर लांबून मारायची. भुशाची पिशवी अर्धी भरली की रिकामी करायची; भरलेली पिशवी हवा अडवते आणि भुसा पुन्हा पॅडखाली राहतो. व्हॅक्यूम जोडला तर उत्तमच, पण ओढ फार असेल तर पॅड लाकडाला चिकटून त्याचं फिरणं थांबतं, तेव्हा ओढ थोडी कमी करावी. कार्बन झिजत आले की मशीन अडखळत सुरू होतं. तेव्हा दोन्ही एकदम बदलायचे, एकच नाही. किरकिर करणाऱ्या बेअरिंगवर तेलाचा फवारा मारायचा नाही. तेलानं आतलं ग्रीस धुऊन जातं आणि वर भुसा लेपासारखा बसतो. मशीन पॅडवर उभं ठेवायचं नाही, आडवं ठेवायचं किंवा टांगायचं, नाहीतर पॅड एका बाजूला दबतो. कोकणातल्या आणि महाबळेश्वरकडच्या मित्रांसाठी आणखी एक. पावसाळ्यात पेपर दमट होऊन वाकतो, मग वेल्क्रोवर नीट बसत नाही. तो झाकणाच्या डब्यात, वर सपाट वजन ठेवून ठेवावा.

वेल्क्रोची पकड गेली की रबर सोल्युशन लावून पेपर चिकटवायची एक पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे. ती बंद व्हायला हवी. पेपर बदलताना सोल्युशनसोबत पॅडचा फोमही उपटून येतो, तळ उंचसखल होतो, आणि मग कुठल्याही पेपरनं फळी सपाट होत नाही. वेल्क्रो जळतो तो मुख्यतः दाबामुळे. मशीनचं वजन आणि त्यावर टेकलेला हात, एवढं पुरतं. पॅडच्या कडेवर मार्करनं एक खूण करावी. काम करताना ती फिरताना दिसली पाहिजे. खूण थांबली म्हणजे आपण दाबतोय. मशीन सेकंदाला इंचभर, एवढ्या संथपणे सरकवावं. आणि पेपरचे नंबर गाळू नयेत. ८०, १२०, १८०, मग २२०. ८०वरून थेट २२०वर उडी मारणारा कारागीर ८०चे ओरखडे पुसण्यासाठी दाबतो, पॅड जाळतो, आणि दोष मशीनला देतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल की हे सगळं कारागिरानं पाहावं, वर्तमानपत्रात कशाला. माझं म्हणणं असं की यात आपण सगळे आहोत. सुताराच्या कामात घासणं हे सगळ्यात हलकं काम समजलं जातं. गिऱ्हाईक पॉलिशची चमक बघतं आणि तिचेच पैसे देतं. घासायचे दिवस त्याच्या हिशेबात नसतात. म्हणून मिस्त्री ते काम सगळ्यात लहान पोराला देतो, आणि त्याच्या हातात सगळ्यात जुनं मशीन ठेवतो. मशीनचा खराब तळ, फाटकी पिशवी, न जुळणारी भोकं, या सगळ्याची किंमत शेवटी त्या पोराच्या हातांतून आणि फुप्फुसांतून वसूल होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीचा समावेश माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला, तो १९९५ मध्ये. आपल्या शेडमध्ये आजही तोंडाला रुमाल बांधला की काम भागतं.

जुन्या दारांच्या बाबतीत तर धोका दुप्पट. पुण्या-साताऱ्यातले वाडे पडतायत, त्यांची सागवानी दारं-चौकटी विकत घेऊन घासून नव्या बंगल्यात लावायची हौस वाढली आहे. हौस चांगली आहे. पण त्या दारांवर ऑइलपेंटचे थरावर थर असतात. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं किती, हे कुणी सांगू शकत नाही. असं दार कोरडं मशीननं घासलं की शिशाची पूड पिशवीतून, फटीतून, हवेतून अंगणभर होते, आणि लहान मुलांना ती सगळ्यात जास्त बाधते. जुना रंग रिमूव्हर लावून, ओला ठेवून खरवडून काढावा, खरवड गोळा करून वेगळी ठेवावी, आणि उघड्या लाकडावरच मशीन फिरवावं. वेळ जास्त लागतो. दाराची हौस असलेल्यानं त्या वेळेचे पैसे द्यावेत.

आणि मग येतात दुकानदार, कंपन्या आणि सरकार. मशीन विकणाऱ्या दुकानात मशीनं हारीनं लावलेली असतात. पॅड मागितला की "मागवावा लागेल" हे उत्तर. काही वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा असेल तर तेही नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा करायला समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं पोर्टलही सुरू झालं. पहिल्या टप्प्याला निवडलेली चार क्षेत्रं म्हणजे शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहनं. ज्या विजेच्या हत्यारांवर लाखो सुतार, रंगारी, फिटर पोट भरतात, त्यांचं नाव या चारांत नाही. ते यायला हवं. मोबाइल बंद पडला तर गैरसोय होते. सँडर बंद पडला तर मजुरी बुडते.

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे, आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आहे. चांगली गोष्ट. माझी सूचना एवढीच की विजेच्या हत्यारासोबत त्याचा जादा पॅड, कार्बनची जोडी आणि धूळरोधक मास्क हे हत्याराचाच भाग मानले जावेत. नुसतं मशीन देणं म्हणजे वर्षभरात बंद पडणारं मशीन देणं. आमच्या आयटीआयच्या वर्गांतही मशीन चालवायची परीक्षा होते, तशी ते खोलून, बेअरिंगचा नंबर वाचून, ब्रेक रिंग बदलून पुन्हा जोडायची परीक्षा व्हावी. ज्याला स्वतःचं मशीन उघडता येतं, त्याला जुना बाजार फसवू शकत नाही.

गिऱ्हाइकांना माझं सांगणं थोडकं आहे. घरी फर्निचरचं काम काढाल तेव्हा प्लायच्या आणि सनमायकाच्या ब्रँडची चौकशी करता, तशी मिस्त्रीच्या मशीनला पिशवी आहे का, पोराच्या तोंडावर मास्क आहे का, हेही बघा, आणि घासायच्या दिवसांचे पैसे हिशेबात वेगळे लिहा. आणि कारागिरांना सांगणं त्याहून थोडकं. पुढच्या वेळी जुनं मशीन घ्याल तेव्हा बटण दाबण्याआधी ते उलटं करा, मॉडेल नंबर लिहून घ्या, आणि त्याचा पॅड गावात मिळतो का हे विचारूनच पैसे काढा. मिळत नसेल, तर ते मशीन तिथंच राहू द्या.